नाताळचा सिनेमा अख्ख्या घरानं मिळून बघायचा, तर निवडायचा कसा

नाताळच्या सुट्टीत घरात माणसं जमतात, कोणीतरी म्हणतं, "चला, सगळे मिळून पिक्चर बघू," आणि मग पाऊण तास रिमोट हातोहाती फिरतो. शेवटी लागतो तो बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या आवडीचा. विसाव्या मिनिटाला पाच वर्षांचं पोर घाबरून आईच्या कडेवर आतल्या खोलीत जातं, इंग्रजी कळत नाही म्हणून आजी सोफ्यावर पेंगायला लागतात आणि पंधरा वर्षांचा दादा फोनमध्ये डोकं घालतो. सिनेमा चांगलाच असतो, पण बघणारी माणसं न मोजता लावलेला असतो.

उत्कृष्ट नाताळ-सिनेमांच्या याद्या इंटरनेटवर पोत्यानं आहेत. त्यांत तुमच्या घरातली आजी आणि तुमच्या घरातलं पाच वर्षांचं पोर धरलेलं नसतं. खालची पद्धत उलट्या बाजूनं जाते: आधी माणसं, मग भाषा, मग भीती, मग लांबी, आणि सिनेमाचं नाव अगदी शेवटी. अट एकच, की कोणावरही मधेच उठून जायची वेळ येऊ नये. सगळ्यांचा लाडका सिनेमा बहुतेक घरांत सापडत नाही. सगळ्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवणारा सापडतो.

पायरी १: माणसं कागदावर मांडा

दोन दिवस आधी, चहा घेता घेता, एवढ्या गोष्टी लिहून काढा.

– त्या वेळी जागं असणारं सगळ्यांत लहान मूल किती वर्षांचं? "जागं असणारं" हे महत्त्वाचं. दोन वर्षांचं बाळ साडेसातला झोपत असेल आणि सिनेमा आठला लागणार असेल, तर ते हिशेबात नाही. सहा वर्षांची पुतणी जागी राहणार असेल, तर सगळा हिशेब तिच्यापासून सुरू होतो.

– सांताक्लॉज खरा आहे असं मानणारं कोणी आहे का? वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत असतंच. अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी मुलांच्या वर्गात डिसेंबरभर हाच विषय चालतो, त्यामुळे तिथंही असतं.

– इंग्रजी संवाद कानानं कोणाला कळत नाहीत? आणि पट्टीवरची अक्षरं त्यांना वाचता येतील का? मराठी पेपर रोज वाचणाऱ्या आजीला इंग्रजी सबटायटलचा काडीचा उपयोग नाही.

– कमी ऐकू येणारं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं कोणी आहे?

– कोण सलग किती वेळ बसतं? चार-पाच वर्षांचं मूल अर्धा-पाऊण तास, सात-आठचं साधारण दीड तास. गुडघे धरलेले आजोबा तासाभरानं उठणारच.

– या वर्षी घरातलं कोणी गेलंय का? हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं, आणि नेमकं इथंच फसतं. नाताळचे सिनेमे हसरे दिसतात, पण त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात मृत्यू आहे. 'क्लाउस' (२०१९) मधल्या लाकूडतोड्याची बायको वारलेली आहे. 'द ख्रिसमस क्रॉनिकल्स' (२०१८) मधल्या भावंडांचे वडील गेलेले आहेत आणि तो त्यांच्याविना पहिला नाताळ आहे. असा सिनेमा टाळायलाच हवा असं नाही, कधी कधी तोच बरा पडतो. पण तो माहीत असून लावलेला असावा, अंगावर आलेला नसावा.

पायरी २: भाषेची चाळणी

मराठी घरात सगळ्यांत जास्त सिनेमे या चाळणीतच अडकतात, म्हणून ती आधी लावायची. सोयीसाठी तीन ढीग करा.

पहिला ढीग: ज्यांत बोलणंच नाही. इथं 'द स्नोमॅन' (१९८२) या ब्रिटिश चित्रपटाला तोड नाही. २६ मिनिटांचा आहे, हातानं रंगवल्यासारखी चित्रं आहेत आणि संवाद एकही नाही. मधे फक्त एक गाणं आहे. मुलगा बर्फाचा माणूस करतो, मध्यरात्री तो जिवंत होतो, दोघं उडत उत्तर ध्रुवाकडे जातात. चार वर्षांची नात आणि ऐंशीच्या पणजीबाई यांना तो सारखाच कळतो. एक सांगून ठेवायला हवं: सकाळी मुलगा धावत बाहेर येतो तेव्हा बर्फाच्या माणसाच्या जागी टोपी, गळपट्टा आणि थोडंसं बर्फ एवढंच उरलेलं असतं, आणि सिनेमा तिथंच संपतो. पाच-सहा वर्षांची मुलं इथं हमखास रडतात. दिवे लगेच लावू नका, नावांची पट्टी चालू असताना मूल मांडीवर घ्या आणि पुढचं काही लावण्याआधी पाच मिनिटं जाऊ द्या. याच ढिगात 'शॉन द शीप: द फ्लाइट बिफोर ख्रिसमस' (२०२१) आहे. अर्ध्या तासाचा, मेंढ्यांचा निव्वळ दंगा. त्यात रडायला काही नाही.

दुसरा ढीग: बोलणं आहे, पण चित्रावरून कळतं. 'होम अलोन' (१९९०) इथला राजा. शेवटच्या अर्ध्या तासात चोर पडतात, घसरतात, भाजतात, त्याला भाषा लागत नाही. अडचण सुरुवातीची आहे. पहिली वीस मिनिटं घरात गर्दी, सगळे एकदम बोलतात आणि इंग्रजी भरधाव. इथं आजींचा धागा सुटला की पुढं "हा पोरगा एकटा का?" हे शेवटपर्यंत कळत नाही. उपाय सोपा आहे. सिनेमा लावण्याआधी एकानं तीन वाक्यांत सांगायचं: "घरात पंधरा माणसं, उद्या सकाळी विमानानं पॅरिसला जायचंय. रात्री वीज गेली, गजर वाजलाच नाही. घाईत डोकी मोजली, त्यात शेजारचा पोरगा मोजला गेला आणि घरचा माळ्यावर झोपलेला राहिला." एवढं पुरतं. चालू सिनेमात कानाशी कुजबुजत भाषांतर करू नका. सांगणाऱ्याचाही सिनेमा जातो, ऐकणाऱ्याचाही आणि शेजारच्याचाही.

'क्लाउस'सुद्धा काही अंशी याच ढिगात बसतो. त्यात मार्गू नावाची, उत्तर युरोपातल्या सामी जमातीची छोटी मुलगी आहे. ती स्वतःच्या भाषेत बडबडते, पोस्टमनला त्यातलं अक्षर कळत नाही आणि सिनेमा ते भाषांतरही करून देत नाही. तिला काय हवंय हे तरी सगळ्यांना समजतं. भाषा न कळणाऱ्या माणसाशेजारी बसून बघायला यापेक्षा चांगला सिनेमा शोधून सापडायचा नाही.

तिसरा ढीग: संवादावरच चालणारे. 'आर्थर ख्रिसमस' (२०११) फार हुशार सिनेमा आहे. रिटायर झालेले आजोबा-सांता, गादीवर बसलेला सांता, गादी मिळेल म्हणून टपलेला थोरला आणि बावळट धाकटा, अशी कुठल्याही मराठी वाड्यात शोभेल अशी भाऊबंदकी त्यात आहे. पण विनोद सगळे ब्रिटिश उच्चारांत आणि घाईघाईनं उरकलेले. हिंदी आवाज मिळाला तर लावा. नाही मिळाला, तर इंग्रजी सहज कळणाऱ्या घरापुरताच ठेवा.

हिंदी डबिंग आहे की नाही हे पोस्टरवरून ठरवू नका. सिनेमा चालू करा, आवाज आणि सबटायटलचा मेनू उघडा आणि यादीत हिंदी दिसतं का बघा. काही ॲपवर प्रोफाइलच्या पसंतीच्या भाषांत हिंदी घातल्यावरच तो पर्याय वर येतो. परदेशात राहत असाल तर भारतातल्या नातेवाइकांनी "आमच्याकडे हिंदीत आहे" म्हटलं म्हणून विसंबू नका. देशागणिक आवाजाची यादी वेगळी असते. आणि डबिंगमध्ये गाणी पुष्कळदा मूळ भाषेतच राहतात, त्यामुळे गाण्यांतून गोष्ट पुढं नेणारा सिनेमा अर्धवटच डब झालेला वाटतो.

पायरी ३: भीती, नक्कल आणि सांताचं गुपित

हा भाग मुलांना मोठ्यानं वाचून दाखवू नका. कारण पुढं कळेलच.

आधी भीती. पडद्यावरचं रक्त मुलांना जेवढं घाबरवतं, त्याहून चेहरे, अंधार आणि मोठे आवाज जास्त घाबरवतात. 'द पोलर एक्सप्रेस' (२००४) अमेरिकेत 'जी' म्हणजे सर्वांसाठी म्हणून पास झालाय, गोष्टही निर्मळ. पण त्यातली माणसं खऱ्या नटांच्या हालचाली टिपून संगणकावर उभी केलेली आहेत, आणि डोळे जिवंत वाटत नाहीत. काही मुलांना ते चेहरेच सोसत नाहीत. शिवाय त्यातल्या आगगाडीला मोडक्या खेळण्यांचा एक डबा आहे, तिथं दोऱ्यांवरच्या बाहुल्या एकदम अंगावर येतात. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर हा डबा येण्याआधी आवाज चार अंकांनी खाली आणा. अर्धी भीती आवाजातच असते.

'द मपेट ख्रिसमस कॅरल' (१९९२) याबाबतीत फार समंजस. चार्ल्स डिकन्स या इंग्रजी लेखकाच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या १८४३ च्या कथेतली तिन्ही भुतं त्यात आहेत आणि तिसरं, भविष्यकाळाचं, बिनचेहऱ्याचं भूत खरंच भेसूर आहे. पण गोष्ट सांगणारे दोघं बाहुले ते भूत आलं की स्वतःच सांगून टाकतात, आम्ही चाललो, शेवटी भेटू. घाबरट मुलांना पाणी प्यायला आत न्यायची खूण सिनेमानंच करून दिली आहे. मुख्य भूमिकेतल्या मायकेल केननं समोर बाहुल्या आहेत याची जाणीवच नसल्यासारखं काम केलंय, त्यामुळे मोठी माणसंही खिळून राहतात. तीच कथा २००९ मध्ये रॉबर्ट झेमेकिसनं संगणकावर केली. ती आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांसमोर लावू नये. पोस्टर मात्र दोन्हींचं सारखंच गोड वाटतं.

'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' (१९९३) फक्त ७६ मिनिटांचा, गाण्यांनी भरलेला, दिसायला अप्रतिम. पण त्यातला खलनायक किड्यांनी भरलेलं पोतं आहे आणि ते उसवतं. दहा वर्षांच्या मुलांना हेच आवडतं, पाच वर्षांच्यांना झोप लागत नाही.

मग नक्कल. 'होम अलोन'मध्ये घरी राहिलेला पोरगा, केव्हिन, रंगाचे डबे दोरीला बांधून जिन्यावरून सोडतो आणि ते चोरांच्या तोंडावर आदळतात. चोर उठतात आणि पुन्हा मागं लागतात. अमेरिकेत गॅलनचा भरलेला रंगाचा डबा साधारण पाच किलोचा असतो. तो असा तोंडावर बसला तर माणूस उठत नाही. तापवलेली दाराची मूठ, डोक्यावर ज्योत, चेहऱ्यावर पडणारी इस्त्री हे सगळं त्याच अर्ध्या तासात येतं. पाच ते आठ वर्षांची मुलं दुसऱ्या दिवशी जिन्यावर खेळण्यातल्या गाड्या पसरतात, हा नेहमीचा अनुभव. सिनेमा बंद करायचं कारण नाही. आधी सांगा की पडणारे स्टंटमन आहेत, पडायचे पैसे घेतात. आणि सकाळी जिना एकदा नजरेखालून घाला.

आता गुपित. साधारण सात ते नऊच्या दरम्यान मुलांना शंका यायला लागते. ती त्यांची त्यांना येऊ द्यावी; टीव्हीनं सगळ्या भावंडांसमोर फोडू नये. 'ग्रेमलिन्स' (१९८४) मध्ये एक तरुणी धुराड्यात अडकून मेलेल्या आपल्या वडिलांची हकिगत सांगते, आणि शेवटी सांता नसतो हे तिला कसं कळलं तेही. अंगावर काटा आणणारं भाषण आणि गुपितही गेलं, दोन्ही एका मिनिटात. 'मिरॅकल ऑन ३४थ स्ट्रीट' (१९४७) मध्ये आईनं मुलीला आधीच सांगितलंय की सांता वगैरे काही नसतं. सगळा सिनेमाच त्या वादावर, चक्क कोर्टात, उभा आहे. शेवट सांताच्या बाजूनं होतो, पण तोवर पोरानं सगळे युक्तिवाद ऐकलेले असतात. 'द सांता क्लॉज' (१९९४) मध्ये तर सुरुवातीलाच सांता छपरावरून पडून नाहीसा होतो. विश्वास असलेल्या मुलासाठी 'आर्थर ख्रिसमस' सुरक्षित आहे: एका रात्रीत जगभरच्या भेटी कशा पोचतात याचं तंत्रशुद्ध उत्तरच तो देतो.

याद्यांत हटकून दिसणारे दोन सिनेमे या घरगुती बैठकीतून बाहेर काढा. 'लव्ह ॲक्चुअली' (२००३) आणि 'डाय हार्ड' (१९८८) दोन्ही नाताळातच घडतात, दोन्हींना अमेरिकेत 'आर' आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. पहिल्यात नटांच्या बदली उभ्या राहणाऱ्या जोडीचे विवस्त्र प्रसंग आहेत. सासूबाई, जावई आणि भाचरं एका सोफ्यावर असताना तेव्हा रिमोट सापडत नाही, हा नियमच आहे.

पायरी ४: प्रमाणपत्र वाचायचं, पण कितपत

भारतात थिएटरसाठी सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं; २०२४ च्या नियमांनी 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन तुकडे झाले. ओटीटीवर दिसणारा शिक्का मात्र बोर्डाचा नसतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तो प्लॅटफॉर्म स्वतः लावतो. वयाच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, हिंसा, भाषा, भीतिदायक दृश्यं वगैरे. आकड्यापेक्षा ती ओळ कामाची.

अमेरिकी 'पीजी', म्हणजे आईवडिलांनी बघून ठरवावं असा शिक्का, बघताना साल बघा. तेरा वर्षांखालच्यांसाठी जास्त जपायला सांगणारा 'पीजी-१३' हा वर्ग १९८४ च्या जुलैमध्ये आला, आणि तो आणायला भाग पाडणाऱ्या सिनेमांत 'ग्रेमलिन्स' होता. म्हणजे त्याआधीच्या 'पीजी'त आजच्या 'पीजी-१३'चा माल निघू शकतो.

पायरी ५: वेळेचं गणित

झोपेच्या वेळेपासून मागं मोजा. मूल साडेनऊला झोपायला हवं, तर सिनेमा नऊला संपायला हवा, म्हणजे अर्धा तास दात घासणं, पाणी आणि "पण तो चोर आता तुरुंगात आहे ना?" यासाठी राहतो. सिनेमाची लांबी, अधिक दहा मिनिटांचं मध्यंतर, अधिक दहा मिनिटं सगळे बसेपर्यंत. 'होम अलोन' १०३ मिनिटांचा. वरची वीस धरून १२३. म्हणजे सातला सगळे सोफ्यावर पाहिजेत, आणि जेवणं एकतर आधी नाहीतर ताटं हातात घेऊन. ॲपवर दिसणाऱ्या लांबीत शेवटच्या नावांची पाच-सात मिनिटं धरलेली असतात, ती हाताशी राखीव समजा.

इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसतं, पण आपल्या घराला लागतं. ते घड्याळ बघून घेऊ नका, गोष्ट बघून घ्या. 'होम अलोन'मध्ये केव्हिन चर्चमधून धावत घरी परततो, तिथं थांबा. पुढं सापळे लागायचे असतात, त्यामुळे कोणी परत यायला उशीर करत नाही. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) १३० मिनिटांचा आहे. त्यात लग्नाच्याच दिवशी पैसे काढायला लोकांची झुंबड उडते, तो प्रसंग संपला की थांबावं.

दिवस कोणता? ख्रिस्ती घरांत २४ तारखेची संध्याकाळ सहसा नको. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते, गव्हाणीची आरास पुरी व्हायची असते. ध्वनिक्षेपकाच्या रात्री दहाच्या मर्यादेमुळे बऱ्याच ठिकाणी उघड्या पटांगणातली मिस्सा आता लवकर आटोपते, पण घरी येऊन सिनेमा लावला तर सगळे घोरणार. २३ ची रात्र किंवा २५ च्या जेवणानंतरची दुपार चांगली. दुपारी लावायचा असेल तर पडदे ओढून आधी बघा. काळोखी सिनेमे उजेडात काळ्या फळ्यासारखे दिसतात, आणि समोरच्या खिडकीतून कोण गेलं एवढंच त्यात दिसतं.

खायला हातानं, अंधारात, आवाज न करता उचलता येईल असं ठेवा. नेवऱ्या आणि कुलकुल यासाठीच जन्माला आलेत. चार वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी पॉपकॉर्न किंवा शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. अंधारात ते लक्षातही येत नाही.

पायरी ६: नाव एक, सिनेमे तीन

ही चूक सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त होणारी. 'ग्रिंच' म्हणून शोधलंत तर १९६६ चा २६ मिनिटांचा कार्टूनपट, २००० चा जिम कॅरीचा खऱ्या माणसांचा सिनेमा आणि २०१८ चा ॲनिमेशनपट असे तिघं समोर येतात. लहान मुलांना २०१८ चा गुळगुळीत आणि सोपा जातो. जिम कॅरीचा केसाळ हिरवा चेहरा जवळून आला की धाकटी मुलं दचकतात. जाणकार १९६६ चाच धरतात आणि ते बरोबर आहे, पण त्यातली मजा इंग्रजी यमकांची. इंग्रजी न कळणाऱ्या आजीला त्यातलं चित्रच तेवढं मिळेल.

'मिरॅकल ऑन ३४थ स्ट्रीट' १९४७ चा वेगळा आणि १९९४ चा वेगळा. पहिला कृष्णधवल, ९६ मिनिटांचा. त्यातल्या सांताला, एडमंड ग्वेनला, ऑस्कर मिळालं. (गंमत म्हणजे तो प्रदर्शित झाला ऐन उन्हाळ्यात.) दुसऱ्यात सांता झालेत रिचर्ड ॲटनबरो, म्हणजे 'गांधी'चे दिग्दर्शक. 'ख्रिसमस कॅरल'ची तर मोजदाद नाही. म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सिनेमाचं नाव टाकाल तेव्हा शेजारी साल टाका.

पायरी ७: आदल्या दिवशीची तालीम

निवड दोनवर आली की एका मोठ्या माणसानं वीस मिनिटं द्यायची. पहिली दहा मिनिटं सलग बघा, मग तीन ठिकाणी उडी मारून तीन-तीन मिनिटं: साधारण मध्य, तीन चतुर्थांश आणि शेवटाआधी. भीतीचा प्रसंग बहुतेक सिनेमांत तीन चतुर्थांशावर असतो. आवाज हिंदीतच लागतोय ना, सबटायटल दिसतात ना, भाड्यानं घ्यायचा असेल तर एकदा चालू केल्यावर किती तास चालतो, हेही तेव्हाच बघायचं. मागच्या वर्षी होता त्या ॲपवर यंदा असेलच असं नाही. हक्क फिरत राहतात. प्लॅटफॉर्मनं स्वतः काढलेले, जसा नेटफ्लिक्सचा 'क्लाउस', ते तिथंच राहतात, म्हणून राखीव सिनेमा असा एखादा ठेवावा.

नेट रडतखडत असेल तर आधी उतरवून ठेवा. एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. पण फोनमध्ये उतरवलेला सिनेमा टीव्हीवर कास्ट होईलच याचा भरवसा नाही, तोही तालमीत करून बघा.

पायरी ८: टीव्हीची कळ फिरवणं

"संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की कान फाटतात" ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात आहे. कारण असं की सिनेमाचा आवाज सहा वाटांचा, म्हणजे ५.१, असतो. त्यातली मधली वाट संवादांची. टीव्हीचे दोनच स्पीकर ती बाकीच्यांत कालवतात आणि संवाद बुडतात. आवाजाच्या मेनूत ५.१ ऐवजी स्टिरिओ मिळत असेल तर तो घ्या. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा किंवा रात्रीचा आवाज असा पर्याय असतो, तो चालू करा. मोठा आवाज दबतो आणि हळू बोलणं वर येतं. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना टीव्हीजवळची खुर्ची द्या. तेवढ्यासाठी सगळ्यांचा आवाज वाढवायला नको.

दुसरी कळ हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगची. एलजीवर ती ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो नावानं असते. ती बंद करा. बाहुल्या एकेका चौकटीला हलवून केलेल्या सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असल्या तरी बाहुली पुष्कळदा दर दोन चौकटींना एकदाच हलवलेली असते. टीव्ही मधल्या हालचाली स्वतःच्या मनानं भरतो आणि 'शॉन'च्या मेंढ्या पाण्यात तरंगल्यासारख्या सरकतात.

सबटायटलचा आकार एक पायरी मोठा, पांढरी अक्षरं, मागं काळी पट्टी. बर्फाळ सिनेमात पांढऱ्यावर पांढरं वाचता येत नाही, आणि नाताळच्या सिनेमात बर्फ तर असायचंच.

येशूजन्माचीच गोष्ट हवी असेल तर

वरचे जवळजवळ सगळे सिनेमे सांताचे, झाडाचे आणि भेटींचे आहेत. गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट हवी असेल, तर लहान मुलांसाठी 'द स्टार' (२०१७) घ्या: ८६ मिनिटं, नायक एक गाढव. 'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६) गंभीर आणि नीट बांधलेला आहे, पण तो हेरोद राजाच्या सैनिकांनी केलेल्या बालहत्येनं सुरू होतो. दहा वर्षांखालच्यांना पहिली पाच मिनिटं दाखवू नका. मराठी आवाजात हवा असेल तर लूकच्या शुभवर्तमानावरचा 'जीझस' (१९७९) मराठीत डब झालेला आहे. तो वधस्तंभापर्यंत जातो, म्हणून नाताळला सुरुवातीचा जन्माचा भागच बघायचा आणि उरलेला ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठी ठेवायचा.

घर बघून जुळणी

तीन ते सहा वर्षांची मुलं आणि इंग्रजी न कळणारे आजी-आजोबा: 'द स्नोमॅन', मग दहा मिनिटं खाणं, मग 'शॉन'. दोन्ही मिळून तास भरत नाही. क्रम उलटा करू नका असं म्हणणारे असतात, पण घरात रडकं पोर असेल तर उलटाच करा, म्हणजे शेवटी हसत झोपायला जाईल.

सात ते बारा वर्षांची मुलं आणि सगळ्या वयांची मोठी माणसं: 'होम अलोन' किंवा 'क्लाउस'. दोन्हींवर मतं सारखी पडली तर 'क्लाउस'. 'होम अलोन' बहुतेकांनी आधी पाहिलेला असतो आणि पाहिलेले लोक पुढचं सांगत बसतात.

किशोरवयीन मुलं: त्यांच्या हातात निवड द्या, पण वरच्या चाळण्यांतून उरलेल्या तिघांतून. चौदा वर्षांच्या मुलीला "बस आणि बघ" म्हटलं की ती बसेल, बघणार नाही. धाकटे झोपल्यावर त्यांच्यासाठी 'ज्वाये नोएल' (२००५) ठेवता येईल. १९१४ च्या नाताळला पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक बंदुका खाली ठेवून एकमेकांना भेटले, त्यावरचा. त्यात फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा तिन्ही भाषा आहेत, म्हणजे त्या रात्री घरातले सगळेच सबटायटल वाचणारे होतात.

फक्त मोठी माणसं: 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. त्याचा नायक नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला पुलावर उभा राहतो, हे आधी सांगून ठेवा. आणि धीर धरा; देवदूत समोर येतो तो फार उशिरा, तोवर एका सरळ माणसाची उधारी, नोकरी आणि राहून गेलेले बेत एवढंच चालतं. रंगवलेली आवृत्ती दिसली तरी कृष्णधवलच लावा.

एवढं करूनही फसला तर? विसाव्या मिनिटाला न बोलता माणसं मोजा. अर्ध्याहून जास्त जणांच्या हातात फोन असेल तर बंद करून राखीव सिनेमा लावा, आणि कोणी निवडला होता यावर चर्चा नको. एकच मूल घाबरलं असेल तर सिनेमा चालू ठेवून एका मोठ्या माणसानं त्याला बाहेर न्यायचं. कोणी न्यायचं हे सिनेमा लावण्याआधी ठरलेलं असावं, नाहीतर दरवेळी आईच उठते.